आबांनी आणलेलं वाक्य

"मिश्राजी, एक विनंती आहे. आज माझ्या विधेयकावर तुम्ही बोलू नका."

आबा हात जोडून उभे होते. संसदेच्या कॅन्टीनमध्ये दुपारच्या जेवणाची गर्दी होती. मिश्राजींच्या हातातला कटलेटचा तुकडा तोंडाजवळ जाऊन थांबला.

"विरोधात बोलू नको म्हणताय?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"बाजूनंही नको."

"अहो, पण मी तुमच्या बाजूचा आहे."

"म्हणूनच तर सांगतोय."

मिश्राजींनी तुकडा बशीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. साहेबांची तब्येत बरी आहे ना, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. तोवर आबा पलीकडच्या टेबलाशी पोचले होते. तिथे बसलेल्या दोन खासदारांपुढेही त्यांनी तसेच हात जोडले. ते दोघेही आमचे पाठीराखेच. महिनाभर मीच त्यांच्या दारी खेटे घालून, विधेयकाला पाठिंबा द्या, चार शब्द बोला, असं सांगून आले होते.

मी तेव्हा खासदार सखाराम ढेबे यांची स्वीय सहायक होते. सगळे त्यांना आबा म्हणत. धरण झाल्यावर ज्या मुलखातली अर्धी गावं पाण्यापलीकडे राहिली, तिथून ते निवडून आले होते. त्याआधी गवळ्यांच्या दूध संघाचे अध्यक्ष. बोलण्याची त्यांना भारी हौस. संघाच्या सभेत आबा उभे राहिले की लोक चपला काढून मांडी घालून बसत, कारण आता लवकर उठणं नाही हे ठरलेलं. पण दिल्लीत आल्यावर या माणसाला बोलायला जागाच मिळेना. पाठीमागचा बाक, लहान पक्ष. कधी शून्य प्रहरात दोन मिनिटं मिळत. घसा साफ करेपर्यंत ती संपत.

म्हणून त्या शुक्रवारची आम्ही इतकी वाट पाहिली होती.

हे जरा सावकाश सांगते. कायद्यांचे मसुदे सरकार आणतं, पण साध्या खासदारालाही आपलं विधेयक आणता येतं. त्याच्यासाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते, साडेतीन ते सहा. विधेयकं असतात शेकड्यांनी, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. आबांची चिठ्ठी चार वर्षं निघाली नाही आणि निघाली ती पाचव्या वर्षी, अगदी शेवटच्या अधिवेशनात. पुढे निवडणूक. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढची विधेयकंही संपतात. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका दुपारी.

विधेयक लहानसं होतं. जी मुलं शाळेसाठी होडीतून किंवा लाँचमधून पाणी ओलांडतात त्या प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट मिळावं, लाँचमध्ये किती मुलं बसवायची ते ठरवून द्यावं, आणि दरवर्षी लाँचची तपासणी व्हावी. निवळीच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच भर पाण्यात कलंडली, त्यानंतर आबांनी ते मांडलं होतं. त्या लाँचमध्ये त्यांची नात चंदा होती. दुधाचा एक रिकामा कॅन शेजारून वाहत चालला होता, त्याला मिठी मारून ती तरंगत राहिली. तिच्या बाकावर बसणारी रंजना वर आली नाही.

त्या दिवशी चंदाही दिल्लीत होती. आजोबांचं भाषण ऐकायला आबांच्या पत्नी भागीरथीकाकू तिला घेऊन आल्या होत्या. पूर्ण अठ्ठेचाळीस पानांचं भाषण मी लिहिलं होतं. त्यात जगभरची उदाहरणं होती, घटनेतली कलमं होती, शेवटी डोळ्यांत पाणी यावं असा एक परिच्छेदही होता. महिनाभर रोज सकाळी आबा बंगल्यामागच्या कडुनिंबापुढे उभे राहून ते म्हणत. मराठीतून बोलणार अशी आगाऊ सूचनाही आम्ही दिली होती, म्हणजे दुभाष्या हजर राहील.

आणि आज हे काय चाललं होतं?

"आबा, तुम्ही सगळ्यांना गप्प का करताय?" कॅन्टीनच्या दाराशी गाठून मी विचारलं.

"बाई, आज किती जण बोलणार आहेत?" रोज सकाळी मी त्यांना इंग्रजी शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणत.

"सोळा नावं आहेत. सगळे आपल्या बाजूचे."

"सगळे आपल्या बाजूचे," ते माझेच शब्द पुन्हा म्हणाले आणि हसले. "तुम्ही वर जा. काकूंना भाषांतराचं कानातलं यंत्र लावून द्या. आणि पोरीला सांगा, कठड्यावर हात ठेवायचा नाही."

प्रेक्षक कक्षात आम्ही तिघी पुढच्या रांगेत बसलो. खाली हिरव्या गालिच्यावर बाकांची अर्धवर्तुळं, आणि ती बहुतेक रिकामी. शुक्रवारी दुपारी खासदार आपापल्या गावची गाडी धरतात.

"बाई, सुट्टी हाय का?" चंदानं विचारलं.

"नाही. काम चालू आहे."

"मग बाकीची कुटं गेली?"

"आपापल्या गावी."

"आमच्या शाळेत असं क्येलं तर गुरुजी उभं करत्यात." तिनं पुन्हा एकवार खाली पाहिलं. "पुरेशी माणसं नसली तर काय व्हतं?"

तिचं मला कौतुक वाटलं. किती सदस्य हजर असले म्हणजे सभा चालू शकते याचा नियम आहे, हे तिला सांगितलं. तेवढे नसले आणि कुणी बोट दाखवलं तर घंटा वाजते आणि तरीही कुणी आलं नाही तर सभा उठते. "पण शुक्रवारी कुणी बोट दाखवत नाही. तशी रीत आहे."

"म्हंजी समद्यास्नी म्हाईत असतंय, पण कोन बोलत न्हाई."

"तसंच."

पहाऱ्यावरच्या माणसानं ओठांवर बोट ठेवलं. आम्ही गप्प बसलो.

पुकारा झाला. आबा उठले. माझं भाषण त्यांच्या हातात होतं, लाल फितीनं बांधलेलं. त्यांनी ते बाकावर ठेवलं. फीत सोडली नाही.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, "आमच्या भागातली मुलं एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात दुधाचा रिकामा कॅन घेऊन शाळेत जातात. कॅन दुधासाठी नसतो. लाँच बुडाली तर धरायला असतो. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नाही, एका मुलीचा जीव कॅनमुळे वाचलेला त्यांनी पाहिला. मुलांना जे सुचलं ते आपल्याला सुचावं म्हणून हे विधेयक आहे. ते विचारात घ्यावं, अशी मी विनंती करतो."

आणि ते खाली बसले.

काकूंनी कानातलं यंत्र काढलं, उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा लावलं. "पोरी, ह्ये बंद पडलं काय गं?"

"नाही काकू. ते बसले."

"बसलं? पानी प्यायला?"

"नाही. संपलं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "आवं, समदं गाव दूध संघाच्या टीव्हीम्होरं बसलंय. पोरास्नी शाळा सोडून आनलंय. आन् ह्येंचं एवढ्यात संपलं?"

मी खाली बाकावरच्या त्या न सुटलेल्या फितीकडे बघत होते.

मग सुरू झाले आमचे पाठीराखे. ज्यांना आबांनी कॅन्टीनमध्ये गाठलं होतं त्यातले काही खरोखरच उठले नाहीत. पण बाकीच्यांचं काय? पहिल्यानं ढेबेजींच्या अंतःकरणाची स्तुती केली आणि मग आपल्या मतदारसंघातल्या पुलाकडे वळला. दुसऱ्यानं केरळपासून काश्मीरपर्यंतच्या नद्या मोजल्या. तिसऱ्या बाई फार छान बोलल्या आणि फार वेळ बोलल्या. काकूंचा चेहरा हळूहळू खुलत गेला. दुभाष्याच्या आवाजातली नवऱ्याची स्तुती त्या मान डोलावून ऐकत होत्या.

"किती चांगली मान्सं हायती," त्या म्हणाल्या.

मी मात्र आबांकडे बघत होते. प्रत्येक नवा वक्ता उठला की त्यांची मान वळायची ती भिंतीवरच्या घड्याळाकडे. पाच वाजून गेले होते. मंत्र्यांचं उत्तर अजून व्हायचं होतं. सहा वाजले की चर्चा जिथे असेल तिथे थांबणार आणि पुढची बैठक पुढच्या शुक्रवारी. पण पुढचा शुक्रवार या लोकसभेच्या नशिबात नव्हता. अधिवेशन त्याच दिवशी संपत होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विधेयकाला विरोध करणारा तिथे एकही नव्हता. ते मरणार होतं कौतुकानं.

त्याच क्षणी मिश्राजी उठले.

मिश्राजी गंगेकाठचे. त्यांच्यासारखा वक्ता त्या सभागृहात दुसरा नव्हता. ते उभे राहिले की पत्रकार कक्षातले लोक परत येऊन बसत, आणि त्यांना थांबवण्याचं धाडस अध्यक्षही सहसा करत नसत. त्यांनी सुरुवात केली ती त्यांच्या गावच्या घाटापासून. नावाडी कसा होता, पुराचं पाणी कसं चढत होतं, त्यांचा भाचा परीक्षेला जायला कसा नावेत बसला. सभागृह शांत झालं. चंदा पुढे झुकली. मलाही पुढचं ऐकायचं होतं, आणि मी मनात म्हणत होते, थांबा आता, कृपा करून थांबा.

आबांनी फक्त हात जोडले. वर नाही, मांडीवर, बाकाच्या आड, कॅन्टीनमध्ये जोडले होते तसेच. आणि ते मिश्राजींकडे बघत राहिले.

मिश्राजींनी ते पाहिलं. नाव प्रवाहाच्या मध्यावर आली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा आबांकडे.

"महोदया," ते म्हणाले, "पुढे काय झालं ते सगळ्यांना कळलं आहे. मंत्रीजींनी उत्तर द्यावं." आणि ते बसले. त्या पाच वर्षांत मिश्राजींनी गोष्ट अर्ध्यावर सोडलेली मी पाहिली ती तेवढी एकदाच.

"नावेचं म्होरं काय झालं?" चंदा कुजबुजली.

"सांगते नंतर."

मंत्री उठले. माणूस सौम्य होता, बोलणं साखरेसारखं. सरकारला या विषयाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, राज्यांशी विचारविनिमय करावा लागेल, सर्व पैलू पाहावे लागतील, म्हणून सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. अशी विनंती करण्याची रीतच आहे, आणि सदस्य बहुतेक वेळा ती मानतात.

आबा उठले. "सहानुभूती आमच्याकडे भरपूर आहे साहेब. घरोघरी आहे. ती अंगात घालून पोहता येत नाही. मला मतदान पाहिजे."

बाकांवर जरा हालचाल झाली. मंत्र्यांनी मागे वळून रिकाम्या रांगांकडे पाहिलं. मतदान म्हणजे घंटा, दारं बंद, मोजणी. पुरेशी माणसं नाहीत हे उघड्यावर येणार. आणि समजा माणसं गोळा झाली, तरी निवडणुकीच्या तोंडावर लहान मुलांच्या जॅकेटविरुद्ध बटण दाबायचं कुणी? बाजूच्या कक्षातून अधिकाऱ्यांची एक चिठ्ठी मंत्र्यांकडे आली, मागोमाग दुसरी.

"ढेबेजी, आपण आग्रह धरू नये," मंत्री म्हणाले. "आपल्याला नेमकं काय हवं आहे?"

"एक वाक्य," आबा म्हणाले. "शाळेच्या मुलांना नेणाऱ्या प्रत्येक लाँचसाठी आणि होडीसाठी तुमचं मंत्रालय जॅकेटं देईल, आणि किती मुलं बसवायची याचा नियम करील. एवढं इथे उभं राहून म्हणा. कानात नको, चहा पिताना नको. इथे. मी विधेयक मागे घेतो."

मंत्र्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग ते वाक्य त्यांनी उच्चारलं. अखेरीस "असं मी सभागृहाला आश्वासन देतो" हेही म्हणाले.

"नोंदीत आलं ना?" आबांनी अध्यक्षांच्या खुर्चीतल्या बाईंना विचारलं.

"इथे बोललेलं सगळं नोंदीत येतं, ढेबेजी."

"मग मी विधेयक मागे घेतो."

सभागृहाची परवानगी आहे का, असं बाईंनी विचारलं. उरलेल्या थोड्या लोकांनी 'हो' म्हटलं. चार वर्षं चिठ्ठीची वाट पाहिलेलं आमचं विधेयक तिथेच संपलं.

काकू उठल्या, पदर खोचला आणि पहाऱ्यावरच्या माणसाकडे न बघता जिन्याकडे चालू लागल्या.

बंगल्यावर परतल्यावर मागच्या अंगणात त्यांनी आबांपुढे चहाचा कप ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा आदळला.

"गाव काय म्हनंल? आबा दिल्लीला ग्येलं आन् आपलंच इदेयक माघारी घिऊन आलं?"

"म्हणू दे."

"त्यो मंत्री ग्वाड बोलला आन् तुमी पाघळला. उद्या इलेक्शन झालं की त्यो ऱ्हातोय का तुमी ऱ्हाताय?"

"दोघंबी न्हाई राहणार, असं दिसतंय," आबा म्हणाले आणि चहा बशीत ओतला. "म्हणून तर वाक्य घेतलं."

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण राहवलं नाही. "आबा, वाक्याचं काय लोणचं घालायचं आहे?"

त्यांनी चहा प्यायला, मिशा पुसल्या. संघाच्या सभेत बोलायला उठण्याआधी ते तसंच करत.

"बाई, मी दर बुधवारी कुठे जात होतो?"

"समितीला." पक्षानं त्यांना आश्वासन समितीवर टाकलं होतं. मंत्री सभागृहात 'करू', 'बघू' म्हणतात त्याचं पुढे काय झालं, हे तपासणारी समिती. तिथे जायला कुणीच उत्सुक नसे. आबा एकही बैठक चुकवत नसत. मला वाटायचं, तिथला नाश्ता चांगला असणार.

"पहिल्याच बैठकीला एक मोठे सचिव आले होते," आबा म्हणाले. "घाम पुसत होते. त्यांना विचारणा चालली होती एका मंत्र्याच्या वाक्याची. मी म्हटलं, हा मंत्री कोण, मी तर कधी बघितला नाही. तर कळलं, तो मागच्या लोकसभेतला. मंत्री गेला, त्याचं सरकार गेलं, ती लोकसभा गेली. वाक्य मात्र बसलंय ठाण मांडून. ते पुरं होईपर्यंत दरवेळी कुणीतरी येऊन सांगायचं, का झालं नाही आणि कधी होणार."

आबांनी कप बाजूला सारला.

"आज मतदानाला गेलो असतो तर काय झालं असतं? समजा, जिंकलो असतो. इथून पुढे राज्यसभा, तिथे पुन्हा शुक्रवार, पुन्हा चिठ्ठी. त्याच्या आत ही लोकसभा संपते, आणि तिच्याबरोबर विधेयक. विधेयकाला आयुष्य आपल्याएवढंच. वाक्याला तसं नाही. ते पुढच्या समितीकडे जातं, तिथून त्याच्या पुढच्या."

"म्हंजी वाक्याला निवडून यावं लागत न्हाई?" चंदानं विचारलं. इतका वेळ ती पायरीवर बसून ऐकत होती.

आबा तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले. "न्हाई बाळा. त्येला एकदाच बोलून घ्यावं लागतंय. त्येवढ्यासाठी मातूर बाकीच्यांनी गप्प बसाया पायजे."

"तुमी धरून," काकू म्हणाल्या.

"मी धरून. ते लई जड ग्येलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं भाषण पाठ आहे मला. म्हणून दाखवू का?"

आणि त्या संध्याकाळी कडुनिंबाखाली उभं राहून त्यांनी ते अठ्ठेचाळीस पानी भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. ऐकायला आम्ही तिघीच. डोळ्यांत पाणी यावं म्हणून लिहिलेल्या परिच्छेदापाशी काकूंना झोप लागली होती.

निवडणुकीत आबा पडले. विरोधकांना प्रचाराला फार काही लागलंच नाही. "आबांनी काय आणलं?" असं व्यासपीठावरून कुणी विचारायचं आणि खालून पोरं ओरडायची, "वाक्य!" आबा सभांमधून समितीचं समजावून सांगत. लोक मांडी घालून ऐकत, मान डोलावत, आणि घरी जाताना हसत.

मी दिल्ली सोडली. नोकऱ्या केल्या, कंटाळले, आणि शेवटी निवळीला राहून पाण्यापलीकडच्या शाळेत शिकवू लागले. आता निवृत्त झाले तरी सकाळी मुलांबरोबर धक्क्यावर असतेच. त्या एका दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं.

सरकार बदललं होतं, मग आणखी एकदा बदललं होतं. एका सकाळी धक्क्याशी एक ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यातून नारिंगी जॅकेटांचे गठ्ठे उतरले. बरोबर एक तरुण अधिकारी होता, त्याला हे का द्यायचं ते नीट ठाऊक नव्हतं. "वरून मागे लागलेत," एवढंच तो म्हणाला. "जुनी काहीतरी बाब आहे. दरवेळी उत्तर द्यावं लागतं म्हणे. एकदाचं संपवा, म्हणाले." किती मुलं बसवायची त्याची पाटीही त्यानं लाँचवर ठोकून घेतली.

आबा काठी टेकत रोज तिथे येऊन बसत. त्या दिवशीही बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते.

मुलांना जॅकेटं मुळीच आवडली नाहीत. उकडतं, वास येतो, दप्तर अडकतं. महिना दोन महिने तीच कुरकुर. दुधाचे कॅन मात्र एकेक करून घरी राहिले. पुढच्या वर्षी पहिलीत आलेल्या पोरांना तर कॅन कशाला नेत, हेही माहीत नव्हतं.

त्यांतलाच एक, सुभान्या शेलार, एके दिवशी जॅकेट घालायला काही केल्या तयार होईना. लाँच खोळंबली. शेवटी आबांनी त्याला काठीच्या वाकानं जवळ ओढलं, गुडघ्यांमध्ये पकडलं आणि पट्टे आवळू लागले.

"कुनी काढलं ह्ये लचांड?" सुभान्या रडवेला होऊन म्हणाला.

आबांनी शेवटचा पट्टा खटकन लावला, ओढून पाहिला, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"असंल कुनीतरी बडबड्या," ते म्हणाले. "जा, बस."